मास्तरांचा समुद्र

अहो वहिनी, ते कपडे राहू द्या जरा, अशा कुंपणाजवळ या. ऐकलंत का? आपले मास्तर शेवटी जव्हार सोडून खाली उतरणार! बोर्डीच्या अलीकडे बंगल्याचा स्लॅबसुद्धा झाला. अख्खी मुंबई गारव्यासाठी जव्हारला धावते, पालघरचं महाबळेश्वर म्हणत हनुमान पॉइंटवर सेल्फी काढते, आणि हे निघाले घाम गाळायला! मास्तरीणबाई म्हणतात, "चार महिने धुकं, कपाटातल्या पैठणीला बुरशी, नको झालंय." आता खाऱ्या वाऱ्यात पैठणीचं काय होतं ते बघूच. मी आपली गप्प बसले.

तर काय सांगत होते... हां, जागा. पहिला प्लॉट अगदी लाटांना लागून. एजंटानं फोनवर फोटो दाखवले, बाईंनी पडद्यांचा रंगसुद्धा ठरवला! मग कुणीतरी सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्याच्या नियमांचा, नकाशा पुढं केला. वस्ती दाट असेल तर भरतीरेषेपासून 50 मीटर, नसेल तर 200, तेवढ्यात नवं घर बांधायचं नाही. एजंट 50 म्हणतो, इंजिनीयर 200 म्हणतो, आणि मास्तर बिचारे कधी याच्या तोंडाकडे बघतात, कधी त्याच्या. नाहीच जमलं शेवटी. आणि त्याच किनाऱ्यावर वाढवणला समुद्रात भराव टाकून 76 हजार कोटींचं बंदर. 2024 मध्ये भूमिपूजनसुद्धा झालं. तिथले मच्छीमार ओरडून ओरडून थकले. मास्तरांच्या दोन खोल्यांनी मात्र समुद्र बिघडणार होता! जाऊ दे, मला काय करायचंय.

दुसरी जागा स्वस्त मिळत होती. का? तर सातबारावर वारल्याचं नाव. अहो, कलेक्टरच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन आपल्याला घेता येत नाही, हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे, कलम 36अ! एजंट म्हणतो, "पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करून टाकू, कोण विचारतंय?" मास्तरांनी जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलेलं, तरी दोन दिवस विचार करत होते म्हणे. बाईंनीच दटावलं. तेवढं मात्र मी त्यांचं कौतुक करते हं.

शेवटी चिकूच्या वाड्यांमागं मिळाली. समुद्र दिसतो म्हणतात... पाण्याच्या टाकीवर चढलं की!

आता खरी गंमत ऐका. मी गेले होते बघायला, कासा-चारोटीवरून, बाईंनी आग्रह केला म्हणून. कामावर सगळी आपलीच माणसं. एक बिगारी बाई तर मोखाड्याची, खोडाळ्याकडची. दिवाळी झाली की निघतातच ना ही कुटुंबं, कुणी वीटभट्टीवर, कुणी बांधकामावर. तेवढ्यात रेतीचा ट्रक आला. या बाईनं पाटी खाली ठेवली, चिमूटभर रेती जिभेवर घेतली आणि पचकन थुंकली. "खारी हाये. खाडीची." कॉन्ट्रॅक्टर नदीची म्हणून बिल लावत होता! त्याचा चेहरा असा झाला म्हणून सांगू... इंजिनीयरसाहेब लगेच शहाणे झाले. "हो हो, मिठानं सळ्या गंजतात, गंजून फुगतात, मग प्लॅस्टर सुटतं." मग आधी का नाही चाखली? ट्रक परत गेला, मास्तरांचं बजेट वर गेलं.

पाण्याचंही तेच. विहीर मचूळ, म्हणून स्लॅबवर मारायला टँकर. ती बाई टँकरकडे बघतच राहिली. "आमच्या पाड्यावं टँकर येते तो पेवाला." तिकडे मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईला जातं आणि या... बरं, ते वेगळंच रडगाणं आहे.

मग भूकंपाचा विषय निघाला. 2018 च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत धक्के सुरू झाले होते ना, धुंदलवाडीकडे थंडीत माणसं तंबूत झोपली होती. इंजिनीयरनं लिंटेलला सलग पट्टा, कोपऱ्यांना जादा सळ्या, असं काय काय सांगितलं. मास्तर हिशेबाची वही उघडून उभे. त्या बाईला विचारलं, तुमच्या घराला काही झालं नाही का? म्हणाली, कारवीचा कूड, वर शेणमाती, घर हलतं, पण पडायला त्यात जड असं आहे काय? इंजिनीयरनं मान हलवली. मास्तरांनी वही मिटली.

आणि आता कळस! बाईंना हॉलमध्ये वारली चित्र हवंय. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे डहाणूचेच, त्यांचं नाव घेऊन घेऊन बाईंनी डोकं खाल्लं होतं. मोबाइलवर फोटो दाखवला, चौकोन, मध्ये देवी, आजूबाजूला नक्षी. म्हणाल्या, "अगदी अस्संच काढून दे गं, सोफ्याच्या मागं." बिगारी बाईनं फोटो बघितला, मग बाईंकडे बघितलं, मग मास्तरांकडे. "लगीन कोनाचा हाये, बाय?"

अहो, तो लग्नाचा चौक! पालघट देवीचा! घरात लग्न असलं की सवाशिणी काढतात. कामावरच्या सगळ्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. बाईंचे कान लाल, मास्तर आपले विटा मोजतायत!

आता त्या भिंतीवर टीव्ही लावणार म्हणे. पंचावन्न इंची.