अण्णामामांची टॅली

गुरुवारी रात्री साडेनऊला फोन वाजला की तो अण्णामामांचा.

"रविवारी या. सव्वादहाला पंगत. किती नग?"

नग म्हणजे आम्ही. मी सांगतो, चार.

"मोठे किती, लहान किती? आणि लहानांत पुढचे दात पडलेले किती?" दात पडलेलं मूल चण्याच्या उसळीला हात लावत नाही, हा त्यांचा अनुभव आहे. पण त्याऐवजी ते शिरवाळे दुप्पट खातं, हाही अनुभवच.

मामा गोदीत टॅली क्लार्क होते. जहाजाच्या हॅचमधून विंच माल वर काढायची, तेव्हा बाजूला उभं राहून गोणी, पेट्या, पिंपं मोजायची आणि कागदावर चार उभ्या रेघा नि पाचवी आडवी ओढायची, हे त्यांचं काम. मोजलेला माल मॅनिफेस्टवरच्या आकड्याला कमी पडला की 'शॉर्ट लँडिंग'. मग पत्रं, खुलासे, साहेबासमोर उभं राहणं. असं तीसेक वर्षं केल्यावर माणूस निवृत्त होतो, रेघा होत नाहीत. आता त्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर उमटतात. रे रोड स्टेशनला उतरून दारूखान्याकडे पाठ केली नि घोडपदेवची वाट धरली की मामांची चाळ लागते. तिथल्या दोन खोल्यांत दर दीड-दोन महिन्यांनी बावीस माणसं जेवतात आणि बावीसच्या बावीस त्या कागदावर असतात.

मामांना कंजूष म्हणणारे आमच्यात काही आहेत, पण त्यांना कंजूष माणसं बघायलाच मिळालेली नाहीत. कंजूष माणूस बोलावतच नाही. मामा सगळ्यांना बोलावतात, आग्रहानं बोलावतात, आणि तेविसावा आला की कपाळाला हात लावतात. मग त्यालाही वाढतात. फक्त वाढताना त्याच्यासमोरच रेघ ओढतात.

या पंगतीला 'ब्रंच' हे नाव मामांच्या सूनबाईनं दिलं. ती लोअर परळला नोकरी करते. तिच्या ऑफिसच्या लोकांनी तिला एका हॉटेलात रविवारी नेलं होतं. तिथला माणशी दर ऐकून मामांनी दोनदा विचारलं, "यात रात्री राहायची खोली धरली आहे ना?" सूनबाईनं समजावलं की ब्रेकफास्ट आणि लंच मिळून ब्रंच. १८९५ साली गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकानं हा शब्द छापात आणला. रविवारी उशिरा उठणाऱ्यांची सोय व्हावी, असं त्याचं म्हणणं होतं.

मामा म्हणाले, "आमच्या शेजारचे तात्या गिरणीत रातपाळी करायचे. सकाळी सातला सुटायचे, आंघोळ करून दहाला एकदाच काय ते पोटभर जेवायचे आणि झोपायचे. त्याला आम्ही काही नाव नव्हतं दिलं. रातपाळीच म्हणायचो."

पण कल्पना त्यांना मनापासून पटली. दोन जेवणांचा माल एका खेपेत उतरतो, यातलं सौंदर्य टॅली क्लार्कला नाही कळणार तर कोणाला! शिवाय गिरणगावात रविवारी दुपारी पाहुणे बोलावले की मटण करावं लागतं. सव्वादहाला बोलावलं तर मटणाची अपेक्षा करणाराच ओशाळतो.

आमचं कुटुंब मालवणी, त्यामुळे ठरलेला बेत म्हणजे शिरवाळे. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, तिचे मुटके उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि गरम असतानाच लाकडी साच्यात घालून दाबायचे. खाली पांढऱ्याशुभ्र शेवया पडतात. त्या गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायच्या. मुटका निवला की साचा अडतो. म्हणून वरच्या दांड्यावर वजन हवं आणि ते लगेच हवं. हे वजन म्हणजे आमची मुलं. ती दोन-दोनच्या जोडीनं दांड्याला लोंबकळतात, खाली शेवया पडतात, वर आरडाओरडा होतो. मॉलमध्ये अशा लोंबकळण्याचे तासाला पैसे घेतात. मामा मजुरी देत नाहीत, एवढंच. मोबाइल तेवढे दारातच तांदळाच्या डब्यात जमा करायचे. गेटपास दाखवल्याशिवाय परत मिळत नाहीत. गेटपास म्हणजे रिकामं ताट.

नारळ महागल्यापासून मामी एका नारळाची तीन दुधं काढतात. पहिलं दाट दूध मुलांच्या रसात, दुसरं मोठ्यांच्या, तिसरं चण्याच्या उसळीत. उरलेला चोथा थालीपिठात जातो. करवंटीचं काय होतं ते मी विचारलेलं नाही. मोठ्यांसाठी उसळ-पाव आणि ठेचा असतो. मुलं बसतात गॅलरीत, खाली जुनी वर्तमानपत्रं अंथरून. सांडलं तर सांडलं, दोन बादल्यांत गॅलरी स्वच्छ. ज्या घरात सोफा आहे, त्या घरात इतक्या मोकळेपणी मुलांना जेवायला बोलावता येत नाही, हे मला आमचा नेरूळचा सोफा घेतल्यावर कळलं.

ठेचा मात्र आतल्या खोलीबाहेर येत नाही. एकदा मी वाटी घेऊन गॅलरीकडे निघालो, तर मामांनी मनगट धरलं. "कापूस आणि दारूगोळा एका जहाजात भरला म्हणून काय झालं, ठाऊक आहे ना?" १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' फुटलं, ते हे. गोदीच्या माणसाला ती तारीख पाठ असते आणि ती तो विनोदात सांगत नाही. मी वाटी जागेवर ठेवली.

"खावा, पण सांगान खावा!" मामा पेन्सिल घेऊन फिरत असतात. एका भाचीनं चार वेळा शिरवाळे घेऊन तीनच सांगितले, तेव्हा त्यांनी काही न बोलता तिला पाचवी वाढ दिली. नंतर मामींना म्हणाले, "मालात तूट नाही गो, रेघेत आहे."

एवढ्या काटेकोर योजनेला सुरुंग लावला तो मेगाब्लॉकनं. रविवारी साधारण अकरापासून साडेचारपर्यंत हार्बर लाइन बंद. सव्वादहाला आलेला पाहुणा बारा वाजता तृप्त होतो आणि जाऊ शकत नाही. भायखळ्याहून ठाणे आणि तिथून नेरूळ असा वळसा आहे, पण रसात बुडालेला माणूस वळसे घेत नाही. तो भिंतीला टेकतो आणि चहाची वाट बघतो. चहा अंदाजपत्रकात नव्हता. शेडमध्ये मुदतीपलीकडे पडून राहिलेल्या मालाला डेमरेज लागतं, हे मामांनी आम्हाला तेव्हा शांतपणे समजावलं आणि प्रत्येकापुढे सोलायला लसूण ठेवली.

मुलांचं डेमरेज म्हणून राणीबाग निघाली. २०१७ साली तिकिटं वाढली तेव्हा मोठ्याला पन्नास, मुलाला पंचवीस आणि आई-बाप-दोन मुलं अशा कुटुंबाला शंभर, असा दर लागला. मामांनी जागेवर हिशेब केला. कुटुंबामागे पन्नास वाचतात. मग त्यांनी फाटकाबाहेर आमची नव्यानं कुटुंबं पाडली. धाकट्या मावशीला माझ्या मेहुण्याशी लावलं, माझी एक मुलगी त्यांना दिली, माझ्या बायकोला तीन मुलांच्या रांगेतून काढून एका काकांच्या हवाली केलं. खिडकीतल्या माणसानं मान वर केली नाही. पेंग्विन बघताना मात्र कोण कोणाचं, हे कोणालाच आठवेना.

बाहेर पडताना मामांनी मुलांना ओळीनं उभं केलं. नऊ आत गेली होती. चार उभ्या, एक आडवी. पुन्हा चार उभ्या... आणि एक उरला. मामांचा चेहरा पडला. जास्तीचा माल उतरला तर खुलासा तूट आल्यासारखाच द्यावा लागतो. दहावा मुलगा आमच्या लालबागच्या चिवड्याच्या पुड्यातून शांतपणे शेंगदाणे वेचत होता. तेवढ्यात त्याची आई धावत आली, त्याला छातीशी धरून रडली, मामांचे हात धरून आभार मानले.

मामांनी खिशातून कॅलेंडरचा कागद काढला आणि पेन्सिल तिच्यापुढे धरली. "बाई, इथे सही करा. पावतीशिवाय माल सोडत नाही."