भाचीच्या खिशाचा हिशोब द्या

बायकांचे तयार कपडे शिवणाऱ्या कारखानदारसाहेबांस,

परवा माझ्या सात वर्षांच्या भाचीला जीन्स घेतली. घरी येऊन तिने ऐटीत खिशात हात घालायला बघितला, तर खिसे नुसते दाखवायचे. वर टीप, वर चकचकीत बटण, आत काही नाही. त्याच दुकानातून, त्याच किमतीला तिच्या जुळ्या भावाची पँट आणली होती. त्याच्या खिशात पाच मिनिटांत चार गोट्या, खडू आणि अर्धं बिस्किट गेलं. भाचीने आपल्या गोट्याही त्याच्याकडेच ठेवायला दिल्या. साहेब, आपली वस्तू भावाच्या ताब्यात द्यायचं शिक्षण तिला सातव्या वर्षी तुम्ही दिलंत.

‘खिशाने फिटिंग बिघडतं,’ हे तुमचं ठरलेलं उत्तर. वीतभर कापडाने बिघडतं ते कसलं हो फिटिंग? पुरुषाच्या पँटला चार खिसे, शर्टाला पाचवा, त्याचं काही बिघडत नाही. आमच्या कुर्तीवर आरसे, टिकल्या, लेस, गोंडे सगळं मावतं. खिशाला तेवढी जागा नसते.

आमच्या आज्यांना ही अडचण नव्हती. नऊवारीचा कासोटा घातला की पाय मोकळे, पदर खोचला की हात मोकळे. ओच्यात भुईमुगाच्या शेंगा, कनवटीला चार नाणी, कमरेला चंची. शेतात दिवसभर वाकायचं, म्हणून त्या नेसण्यात कामाची सोय होती. आजही कापूस वेचणारी बाई पोटाशी ओटी बांधते. ऊसतोडीला जाणारी साडीवर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट चढवते. उसाच्या पात्याने हात चिरू नयेत म्हणून बाह्या, आणि मोबाइल, गोळ्यांची पुडी ठेवायला खिसा. घाम गाळणाऱ्या बाईला लागतं ते तुम्ही शिवत नाही, म्हणून ती नवऱ्याचं अंगावर घालते.

आता तुम्हीच शिवलेला शाळेचा गणवेश बघा. पाळी आलेल्या मुलीने पॅड कुठे ठेवायचं? ती ते ओढणीखाली लपवते, सलवारच्या नाडीत खोचते, नाहीतर अख्खं दप्तर उचलून स्वच्छतागृहात जाते. वर्ग बघत राहतो, ती मान खाली घालते. एका खिशाने ही मान ताठ राहिली असती.

‘पर्स घ्या की,’ असंही तुम्ही म्हणता. कडेवर पोर, हातात पिशवी घेऊन एसटीत चढणाऱ्या बाईने पर्स कुठल्या हातात धरायची? तिच्या तिकिटाचे पैसे मुठीत घामाने भिजलेले असतात. पर्स खाली ठेवावी लागते, विसरते, हिसकावली जाते. खिसा अंगाबरोबर चालतो.

1994 साली महाराष्ट्राने कायदा करून हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. 2005 साली केंद्राच्या कायद्याने हा हक्क देशभर लागू झाला. जमिनीत वाटा मिळाला, पण तुमच्या कारखान्यात तिच्या वाट्याला चार बोटांची थैली येत नाही. ज्याच्या खिशात पैसा, त्याच्या हातात व्यवहार, हे आपल्याकडे लहान पोरालाही कळतं. म्हणून मी याला फॅशन म्हणत नाही. ही बाईच्या सोयीवर आणि तिच्या हक्कावर मारलेली कात्री आहे.

आणि मैत्रिणींनो, तुम्हाला एक विनंती. पुढची कुर्ती घेताना रंगाआधी खिसा बघा. नसेल तर दुकानदाराला कारण सांगून ती परत ठेवा. शिंप्याकडे कापड टाकाल तेव्हा मापाच्या वहीत लिहून घ्या: दोन्ही बाजूंना खिसे, हात मनगटापर्यंत आत जाईल एवढे. भाचीची जीन्स मी उसवली आहे. आईच्या जुन्या सुती परकराच्या कापडाचे दोन खिसे तिला आजच लावले.

एक मावशी