डर कायकू, साहेब?

हवालदारसाहेबांस,


परवा सिकंदराबादच्या मोंडा मार्केटहून मारेडपल्लीकडे येताना आपण माझी स्कूटर बाजूला घेतलीत. लायसन्स पाहिलंत, आरसी पाहिलीत, पिशवीतली अंबाडी आणि दोडके चाचपलेत. इथवर तक्रार नाही. मग हात पुढे करून म्हणालात, "फोन खोलो." कशाला, असं विचारल्यावर लहान पोराची समजूत घालावी तशा सुरात उत्तर आलं, "गलत काम नै करे तो डर कायकू, अंकल?"

आपण व्हॉट्सअ‍ॅपमध्ये गांजा शोधलात. मिळाला नाही. अंगठा मात्र थांबेना. भावकीचा ग्रुप झाला, टँकरच्या पाण्यावरून चाललेली सोसायटीची भांडणं झाली आणि मग माझ्या बायकोचा बायोप्सीचा रिपोर्ट आला. तो आपण दोन बोटांनी मोठा करून पाहिलात. साहेब, तो रिपोर्ट आम्ही अजून आमच्या मुलीलाही दाखवलेला नाही.

ही रीत आपण काढली नाहीत, हे मला ठाऊक आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये हैदराबादच्या रस्त्यांवर पोलीस पोरांना अडवून त्यांचे चॅट चाळत असल्याचे व्हिडिओ देशभर फिरले. तेव्हा वरिष्ठांचा खुलासा असा होता, की लोक सहकार्य करतात, जबरदस्ती कुणावर नाही. खरं आहे. चार खाकी गणवेशांच्या मध्ये उभा असलेला माणूस फार सहकारी वृत्तीचा होतो.

"कहां से आ रे?" हेही आपण विचारलंत. एवढी तसदी कशाला? खिशातला फोन बोलणं चालू नसतानाही जवळच्या टॉवरशी संपर्क ठेवून असतो. त्या नोंदी कंपनीकडून मागवायला वरच्या अधिकाऱ्याचं पत्र पुरतं, न्यायाधीशाची सही लागत नाही. एखाद्या गुन्ह्यासाठी टॉवरचा अख्खा 'डंप' मागवला, तर त्या वेळी तिथे असलेले झाडून सगळे फोन यादीत येतात. उद्या सिकंदराबाद स्टेशनात पाकीटमारी झाली, तर बहिणीला देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसवायला गेलेला मीही त्या यादीत असेन आणि मला ते कधी कळणारसुद्धा नाही. कॅमेऱ्यांचं तर बोलायलाच नको. पोलिसांच्या 'नेनु सैतम' योजनेच्या नावाखाली ते आम्हीच वर्गणी काढून लावले.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. कर नाही त्याला डर कशाला, हे आम्हालाही आजीने शिकवलंय. पण ती म्हण आधी आपल्या खात्याला लावून पाहू. 3 डिसेंबर 2023 ला तेलंगणच्या विधानसभेचा निकाल लागला आणि तेव्हाच्या सरकारची सत्ता गेली. दुसऱ्या दिवशी रात्री पोलिसांच्या स्पेशल इंटेलिजन्स ब्युरोत सीसीटीव्ही बंद करून फोन टॅपिंगच्या हार्ड डिस्क फोडण्यात आल्या आणि तुकडे मुसी नदीत टाकण्यात आले. हे मी म्हणत नाही, आपल्याच खात्याचा तपास म्हणतो. मार्च 2024 मध्ये त्यात डीएसपी प्रणीत राव यांना अटक झाली. आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचेत, मान्य. पण साहेब, लाखो कॅमेऱ्यांच्या या शहरात नेमके त्याच खोलीतले कॅमेरे बंद व्हावेत? त्यांना डर कायकू होता?

आणि गोळा केलेल्या माहितीची जपणूक कशी, तर बाईमाणसाच्या सुरक्षेसाठी म्हणून आपण 'हॉक आय' अ‍ॅप दिलंत. अडचणीत सापडलेल्या बायकांनी बटण दाबायचं, ठावठिकाणा आपल्याला कळायचा. 2024 च्या उन्हाळ्यात त्या अ‍ॅपमधली माहिती इंटरनेटवर विकायला निघाली. विकणारा म्हणून विशीतला एक विद्यार्थी पकडला गेला. किंमत लावली होती 150 डॉलर. कुणाच्या बापाचा माल होता तो? ज्या बाईने घाबरून आपल्याला सांगितलं की मी इथे आहे, तिचा ठावठिकाणा बाजारात गेला. तिने कोणतं गलत काम केलं होतं?

आता कायद्याचं बघू. 8 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने, न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने, सांगितलं की जामिनावरच्या आरोपीला गुगल मॅपवरून पोलिसांना सतत ठावठिकाणा कळवायला लावता येणार नाही, तो खासगीपणाचा भंग आहे. तो आरोपी अमली पदार्थांच्या खटल्यातला होता. मी दोडक्यांच्या. तेव्हा आपल्या राज्यात आरोपी होणं परवडतं, असं दिसतं.

रागाच्या भरात एक गोष्ट राहू नये. आपल्या हातात सकाळपासूनचा घामेजलेला मास्क होता, बाजूला अर्धी प्यायलेली इराणी चहाची प्याली निवत होती आणि वॉकीटॉकीवर कुणीतरी दर दहा मिनिटांनी आपल्यालाच विचारत होतं, आप किधर है. आपल्या गस्तीच्या गाडीलाही जीपीएस आहे. त्याच 2024 मध्ये पोलिसांच्या कामकाजाच्या 'टीएसकॉप' अ‍ॅपलाही भगदाड पडलं. आपल्या घरचे रिपोर्टही आपल्याच फोनमध्ये असतील ना? ते कुणी दोन बोटांनी मोठे करून पाहिले, तर आपल्यालाही माझ्याइतकाच संताप येईल. आला पाहिजे.

भर रस्त्यात केवळ संशयावरून पोलीस चेहऱ्याचा फोटो काढतात, म्हणून इथले कार्यकर्ते एस. क्यू. मसूद उच्च न्यायालयात गेले आणि जानेवारी 2022 मध्ये सरकारला नोटीस निघाली. मी कोर्टात जाणारा माणूस नाही. माझं मागणं छोटं आहे. पुढच्या वेळी लायसन्स बघा, डिकी उघडा, पिशवी उपडी करा. फोन हवा असेल तर कोणत्या कलमाखाली आणि कुणाच्या आदेशावरून, ते लेखी द्या.

आपला,
मारेडपल्लीचा एक रहिवासी