बहात्तर गावांचा राजपुत्र आणि दोन खोल्यांची वकिलात

औंधच्या अप्पासाहेब पंतांच्या राजनैतिक नेमणुकांची यादी नुसती वाचली तरी मला धाप लागते. १९४८ साली नैरोबी, १९५५ पासून गंगटोक, १९६१ ला जाकार्ता, मग ओस्लो, कैरो, लंडन आणि शेवटी रोम, थेट १९७५ पर्यंत. आमच्या डोंबिवलीत माणूस टिळकनगरातून पेंडसेनगरात राहायला गेला, तरी वर्षभर जुन्या दूधवाल्याची आठवण काढून उसासे टाकतो!

अर्थात घराण्याचं वळणच निराळं होतं. औंध हे बहात्तर गावांचं संस्थान, तीही सलग नव्हेत. वडील भवानराव स्वतः सूर्यनमस्कार घालायचे आणि अख्ख्या संस्थानाला घालायला लावायचे. पुढे १९३९ साली त्यांनी कारभारच प्रजेच्या हाती सोपवला. ज्या घरात राजानेच राज्यावरचा हात काढून घेतला, तिथल्या मुलाला दर काही वर्षांनी बिऱ्हाड हलवण्याचं काय एवढं!

राजदूताचं मला नवल वाटतं ते वेगळ्याच कारणासाठी. हा माणूस जन्मभर दुसऱ्याच्या घरी पाहुणा. आधी यजमान देशाची संमती घ्यायची, मग तिथल्या राष्ट्रप्रमुखाला आपलं अधिकारपत्र सादर करायचं. तोवर तो गावात आलेला असूनही रीतसर आलेला नसतो. राजदूतांमधली ज्येष्ठताही, कोण आधी रुजू झाला यावर ठरते. देश केवढा, हे कुणी विचारत नाही.

आमच्या आईने साताऱ्याकडच्या एका गावाची वकिलात डोंबिवलीत दोन खोल्यांत चालवली. पाहुणे महालक्ष्मी एक्स्प्रेसने पहाटे कल्याणला उतरायचे. तिथून त्यांना बोचक्यांसकट लोकलमध्ये चढवणं आणि डोंबिवलीला, आत घुसणाऱ्या गर्दीच्या उलट्या दिशेने, अखंड उतरवणं हे वडिलांचं खातं. अधिकारपत्र म्हणजे आजीची चिठ्ठी आणि घेवड्याची पिशवी. कुणाला परळला केईएममध्ये दाखवायचं असे, कुणाच्या पोराला ठाण्याच्या वागळे इस्टेटीत चिकटवायचं असे. ज्येष्ठतेचा नियमही तोच: जो आधी आला त्याला पंख्याखालची कॉट, मग मागाहून आलेला सरपंच का असेना.

अप्पासाहेबांचा खरा कस जाकार्तात लागला असणार. १९६२ च्या आशियाई खेळांना इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानला येऊ दिलं नाही. गुरुदत्त सोंधी या भारतीय पदाधिकाऱ्याने त्याला हरकत घेतली आणि चिडलेला जमाव भारतीय वकिलातीवर चालून गेला. दुसऱ्याच दिवशी फुटबॉलची अंतिम लढत. सगळं मैदान हुर्यो उडवत असताना आपल्या संघाने दक्षिण कोरियाला २-१ असं हरवून सुवर्णपदक घेतलं. अशा विजयानंतर राजदूताने किती जोरात टाळ्या वाजवायच्या? आदल्या दिवशी दगड आलेत आणि उद्या त्याच सरकारकडे चहाला जायचंय.

आई असती तर तिने हे सहज निभावलं असतं. मुलगी दाखवण्याचे कार्यक्रम आमच्याच घरी व्हायचे. एकदा मुलाकडच्यांनी मुलीची उंची काढली, मुलीकडच्यांनी मुलाचा पगार काढला आणि दोन्ही पक्षांची परतीची गाडी रात्रीची. आईने एकाला गॅलरीत आणि दुसऱ्याला आतल्या खोलीत पोहे दिले, आणि रात्रीपर्यंत दोघांनाही आई आपल्याच बाजूची वाटत होती.

एका बाबतीत मात्र राजदूतांचे यजमान नशीबवान. १९६१ च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे यजमान देश कुठल्याही राजनैतिक अधिकाऱ्याला, कारण न देता, ‘नकोसा’ ठरवू शकतो. हे कलम आमच्या घरी कुणालाच ठाऊक नव्हतं. चष्म्याचा नंबर काढायला एक मामा गणपतीत आले. नंबर दुसऱ्याच दिवशी निघाला. ‘आता आलोच आहे तर’ करत दिवाळीच्या पहाटे ते फडके रोडवर आमच्या आधी हजर होते, नवा चष्मा लावून, तरुण मंडळी न्याहाळत.