नावात अडतीस, नळीत पस्तीस

अमेरिकेत बंदुकीचं माप सगळेच छातीठोकपणे सांगतात. नळीला मात्र कुणी विचारत नाही. ‘थर्टी-एट स्पेशल’ काडतुसाची गोळी ०.३८ नव्हे, भरते ०.३५७ इंच, ‘फोर्टी-फोर मॅग्नम’ची ०.४२९. बारशाचं नाव एक, दाखल्यावरचं दुसरं. म्हणून तिथला हौशी माणूस गॅरेजात बसतो, बंदूक रिकामी असल्याची खात्री करतो, नळीला तेलाचा हात देतो आणि मऊ शिशाचा, नळीहून किंचित जाड तुकडा लाकडी दांड्यानं ठोकत आरपार काढतो. शिशावर आतल्या खाचांचा ठसा उमटतो. तो मायक्रोमीटरमध्ये धरला की झालं! पण स्मिथ अँड वेसन कंपनीनं रिव्हॉल्व्हरच्या नळीत खाचा पाडल्यात पाच. एका उंचवट्यासमोर दुसरा येतच नाही. धरणार काय, कपाळ? त्यासाठी निराळ्या जबड्याचा मायक्रोमीटर लागतो, म्हणजे आणखी एक खरेदी. हौसेला मोल नसतं, मायक्रोमीटरला असतं.

छऱ्याच्या बारा बोअर बंदुकीची तऱ्हा तर त्याहून न्यारी. नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड, म्हणून बारा. आकडा वाढला की भोक लहान. इंग्रजांनी भोक मोजलं ते तराजूनं! छऱ्याची ‘४१०’ बंदूक तेवढी चक्क इंचात, ०.४१०; त्या दिवशी तराजू दुरुस्तीला गेला असावा.