सोफ्याची पोच

श्री. रा. रा. रूपांतरकार यांस,



आपण १९९९ साली झी टीव्हीवरून पाठवलेला सोफा मिळाला. पोच द्यायला पाव शतक लागलं, त्याबद्दल दिलगीर आहे. पण तो ठेवायचा कुठे, हे आमचं अजून ठरत नाहीये.

'हॅलो फ्रेंड्स' हे तुमच्या हिंदी मालिकेचं नाव आता सांगावं लागतं, म्हणून सांगतो. अमेरिकेत तिची मूळ मालिका 'फ्रेंड्स' २२ सप्टेंबर १९९४ला सुरू झाली, दहा वर्षं चालली आणि २३६ भागांनी थांबली. तुमची २६ भागांत आटोपली. दोष कोणा एकट्यादुकट्याचा नसतो हे मला कळतं, म्हणून पाकिटावर नाव घातलेलं नाही. अशा कामांत कोणीतरी 'तिकडे चाललंय' म्हणतं, कोणीतरी 'इकडे का चालू नये' म्हणतं, आणि तिसरा कोणीतरी रात्रीतून संवाद हिंदीत करतो. हे पत्र त्या तिघांनी वाटून घ्यावं.

तेव्हा मी कोल्हापूरहून नोकरीसाठी बंगळुरूला नवा आलेलो. बसवनगुडीत एका अज्जींच्या घरी वरच्या खोलीत आम्ही चौघे राहायचो. टीव्ही खाली, अज्जींच्या हॉलमध्ये. तुमची मालिका लागली की आम्ही चौघे सतरंजीवर, अज्जी खुर्चीत. निखिल चिनप्पा पडद्यावर आला की त्यांची मान अभिमानाने डोलायची, कारण मुलगा बंगळुरूत वाढलेला. 'नम्म हुडुगा', आपला पोरगा. सायरस ब्रोचा आणि मारिया गोरेटी एमटीव्हीवरची ओळखीची तोंडं. सिमोन सिंग तर तेव्हा सोनीवरच्या 'हीना'तून सगळ्या देशाचे रुमाल भिजवत होती. माणसं चुकीची होती असं अज्जीही म्हणाल्या नसत्या. सहा तरुण, देखणी, हुशार माणसं तुम्ही गोळा केलीत आणि त्यांना दुसऱ्यांचे कपडे घालून सोफ्यावर बसवलंत.

पहिल्याच भागात अज्जींनी विचारलं, "इवरु केलसा माडल्वा?" ही माणसं कामधंदा करत नाहीत का? आम्ही अडाण्यासारखे हसलो. पण प्रश्न अर्थशास्त्रातला होता.

मूळ मालिकेत या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि ते तुमच्या हातून सांडलं याचं मला आजही वाईट वाटतं. न्यूयॉर्कमध्ये आचाऱ्याच्या पगारावर मोनिकाला एवढं मोठं घर कसं परवडतं? घर आजीचं आहे, भाडेनियंत्रणातलं आहे, आणि ही पोरगी आजी अजून तिथेच राहते असं भासवून जुन्या भाड्यात राहतेय. एक बारीकशी लबाडी आहे, तिच्यावर सगळा संसार उभा.

आता मला सांगा, हे वाचताना मराठी माणसाच्या अंगावर काटा आला पाहिजे की नाही? मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा १९४७चा. पागडी हा शब्द आमच्याकडे मूल 'आई-बाबा'नंतर शिकतं. आणि योग बघा, ज्या वर्षी तुम्ही सोफ्याचा रंग निवडत होतात, त्याच वर्षी आपल्या विधिमंडळाने नवा 'महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९' केला. ३१ मार्च २०००पासून तो लागू झाला. गिरगावातल्या आजीची पागडीची खोली, तिच्यात आजीच्या नावावर राहणारी नात, दर महिन्याला "आजी कुठायत?" म्हणून जिना चढणारा मालकाचा माणूस, आणि त्याला प्रत्येक वेळी वेगळं तीर्थक्षेत्र सांगणारे पाच मित्र. आजी काशीला, आजी पंढरपूरला, आजी भाचीच्या बाळंतपणाला. तुमचे सव्वीसच्या सव्वीस भाग इथे फुकट पडले होते. पण तुम्हाला पागडी गावंढळ वाटली असावी. सोफा तसा नाही; सोफा आंतरराष्ट्रीय आहे.

बरं, सोफा कॉफीच्या दुकानात. कल्पना सुंदर. फक्त त्या वर्षी भारतात अशी दुकानं किती होती? कॅफे कॉफी डेचं पहिलं दुकान १९९६ साली निघालं, तेही आमच्याच ब्रिगेड रोडवर, आणि तिथे लोक कॉफीइतकेच इंटरनेटसाठी जायचे. बरिस्ताचं पहिलं दुकान उघडायला २००० साल उजाडलं. म्हणजे ज्या जागेत तुम्ही सगळी मैत्री घडवत होतात, ती जागा बहुतेक प्रेक्षकांनी पाहिलेलीच नव्हती. जळगावच्या माणसाला वाटलं असेल, हा यांच्या घरचाच दिवाणखाना असावा आणि पोरगा सारखा बिल घेऊन का येतो कोण जाणे.

जागा नव्हत्या का? मुंबईत इराणी होता. एका चहावर तास काढता येतो, वर काय काय करायचं नाही याची यादी भिंतीवर फुकट वाचायला मिळते. पुण्यात कट्टा होता. त्याला तर फर्निचरही लागत नाही, आणि कट्ट्यावरच्या माणसाला 'तू कामधंदा करत नाहीस का' हे विचारायला रोज नवा काका येतो. कॅमेरा लावायचा अवकाश होता.

आमच्या गावचं सांगू? इथे दर्शिनी आहेत. १९८३मध्ये जयनगरात 'कॅफे दर्शिनी' निघालं तेव्हापासून हे शहर उभ्याने खातं. कंबरेएवढं टेबल, हातात ताटली, शेजारच्याचं कोपर तुमच्या सांबारात. बसायची सोयच नाही, तर तुमचा सोफा टाकू कुठे? पण मैत्रीला बंगळुरूने जे दिलं ते न्यूयॉर्कला सुचलेलं नाही: बाय टू कॉफी. एक कॉफी मागवायची, दोघांनी अर्धी अर्धी घ्यायची. पोऱ्या काही न विचारता दोन पेले ठेवतो. आम्ही चौघे 'एरडु बाय टू' म्हणायचो, दोन कॉफ्यांत चौघे. पगाराच्या आदल्या आठवड्यात एकच बाय टू, आणि दोघांनी सांगायचं की आज ऍसिडिटी आहे. कोणाला किती दिवस ऍसिडिटी आहे यावरून कोणाचे पैसे संपलेत ते कळायचं, आणि ते कळलंय हे कोणी दाखवायचं नाही. मला वाटतं, मालिका तिथे होती. त्या मोठ्या परदेशी मगात मात्र एक माणूस एकटाच सगळी कॉफी पितो.

तुम्ही म्हणाल, परदेशी वस्तूचा तुम्हाला आकस आहे. अहो, आमचं रंगभूमीचं घर परदेशी विटांवर उभं आहे! आगरकरांनी १८८३ साली 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं. देवलांनी मोलियेरचा संशयी नवरा, तोही एका इंग्रज नाटककाराच्या हातून आलेला, घेतला आणि त्याचा फाल्गुनराव केला. आज फाल्गुनरावाला फ्रान्सला परत पाठवून बघा, त्याला तिथे कोणी दारात उभं करणार नाही. 'चार्लीज आंट' लंडनला १८९२मध्ये आली. अत्र्यांनी तिची 'मोरूची मावशी' केली आणि पुढे विजय चव्हाणांनी साडी नेसून ती अशी मुरवली की मूळ मावशी कुठली हे विचारणाराच वेडा ठरावा. पुलंनी शॉच्या एलायझाची मंजुळा केली १९७५मध्ये. त्यांनी शॉचे विनोद उचलले नाहीत. लंडनच्या बोलीत जी बाई गुदमरत होती तिच्यासारखी आपल्या बोलीत कोण गुदमरते, ते त्यांनी आधी शोधलं. रूपांतर म्हणजे हा शोध. तुम्ही जे केलंत त्याला आमच्याकडे स्थलांतर म्हणतात, आणि त्यातही सामानच पोहोचलं.

पहिल्या भागात नवरी लग्नमंडपातून पळून कॉफीच्या दुकानात येते, तिकडच्यासारखीच. तिकडे नवरदेव, दातांचा डॉक्टर, मागे राहतो, बाप फोनवर ओरडतो, आणि भाग संपायच्या आत पोरगी वडिलांची क्रेडिट कार्डं कात्रीने कापून स्वतंत्र होते. आपल्याकडे मांडवातून नवरी पळाली तर पहिला तासभर नुसतं आचाऱ्यांना काय सांगायचं यावर जाईल. मामा रिक्षा घेऊन कॉफीच्या दुकानापर्यंत पोहोचतील. मुलाकडचे मानपानाच्या साड्या परत मागतील आणि मुलीकडचे त्या मोजून देतील. आत्या या सगळ्यात जेवून घेईल. यातलं तुम्ही काय काय गाळलंत याचा हिशेब केला तर उरतो तो विनोदाचा उतारा, सात-बाराच्या उताऱ्यासारखा: नोंद आहे, जमीन दुसऱ्याची.

आणि हशा. कॅलिफोर्नियात 'फ्रेंड्स'चं चित्रण सुमारे तीनशे प्रेक्षकांसमोर व्हायचं. एखाद्या वाक्याला लोक हसले नाहीत, तर लेखक तिथेच घोळका करून नवं वाक्य लिहायचे आणि प्रसंग पुन्हा घ्यायचे. म्हणजे तो हशा त्या मालिकेचा सहलेखक होता. आपल्या नाटकवाल्यांना हे कोणी शिकवावं लागत नाही. पहिले दहा प्रयोग प्रेक्षक नाटक दुरुस्त करतो. तुम्ही मात्र तयार विनोद घेतलात, सहलेखकाला तिथेच सोडलंत, आणि त्याच्या जागी डब्यातला हशा ओतलात. अज्जींना ऐकू जरा कमी यायचं, पण हशा ऐकू यायचा. एकदा त्यांनी खुर्चीतून वाकून, टीव्हीच्या मागे बघत विचारलं, "यारु नगतिद्दारे?" कोण हसतंय? आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. आमच्यापैकी कोणीच नव्हतं.

तुमच्या समाधानासाठी एक सांगतो. ही खोड एकट्या भारताची नाही. 'फ्रेंड्स' संपत आली तेव्हा तिच्याच वाहिनीने, एनबीसीने, वारस म्हणून ब्रिटिश 'कपलिंग' आयात केली, २००३मध्ये. भाषा तीच, इंग्रजीची इंग्रजी, संहिताही बऱ्याच अंशी तीच. चार भाग दाखवून गाशा गुंडाळला. तुम्ही सव्वीस खेचलेत. आकडा म्हणून हे वाईट नाही.

आणि परदेशी साचा जसाच्या तसा चालत नाही म्हणावं, तर तुमच्या पाठोपाठ २०००च्या जुलैत 'कौन बनेगा करोडपती' आलं आणि साच्याला धक्का न लावता चाललं. खुर्ची परदेशी होती. बसलेला माणूस मात्र घरचा.

बरं, हिंदीत दक्षिणेतलं गाव खरं वाटत नाही असंही नाही. कन्नड नट-दिग्दर्शक शंकर नागने आर. के. नारायणांच्या इंग्रजी गोष्टी हिंदीत केल्या, कर्नाटकातल्या आगुंब्याच्या पावसात, आणि 'मालगुडी डेज' पाहताना 'ही पोरं हिंदी का बोलतात' हे आमच्या अज्जींनीसुद्धा कधी विचारलं नाही. (हा शंकर नाग आमच्या '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटाच्या लेखनात होता, हे इथल्या रिक्षावाल्यांना सांगून पाहा, त्यांच्या रिक्षेवर त्याचं चित्र असतं आणि ते भाडं कमी करत नाहीत.) शंकर नागला कळलं होतं की भाषा बदलली तरी चालते, चपला दारात कशा काढतात ते बदलून चालत नाही. तुमच्या सहा जणांनी चपला कुठे काढल्या, मला एकही प्रसंग आठवत नाही.

सर्वांत जास्त दुखणारी गोष्ट मुद्दाम मागे ठेवली आहे. तुमच्याच झी घराण्यात, २०१५ साली, मराठी शाखेने 'दिल दोस्ती दुनियादारी' केली. सहा जण, एक घर, घराचं नाव माजघर. बैठक नव्हे, हॉल नव्हे, माजघर! पाहुण्याला जिथे सहसा नेत नाहीत ती जागा. आल्या दिवसापासून लोक म्हणाले, ही तर मराठी 'फ्रेंड्स', आणि पुढच्या आठवड्यात तसं म्हणायचं विसरले. तिथे भाडं थकायचं, गावाकडून फोन यायचे, आणि नवऱ्याने फसवलेली रेश्मा घरच्यांना काय सांगू म्हणून रात्र रात्र जागायची. बंगळुरूला तोवर माझा संसार झाला होता. आम्ही ती मालिका रोज जेवणाच्या ताटावर पाहिली, आणि आमची कन्नड शाळेत जाणारी मुलगी त्यातल्या आशूसारखं आळोखेपिळोखे देत बोलू लागली. तुमच्या मालिकेतला एकही माणूस आमच्या घरात कधी कोणासारखा बोलला नाही.

सोफ्याचं म्हणाल, तर तो परत नेण्याची व्यवस्था करावी. येताना बसवनगुडीवरून या. अज्जी आता नाहीत, पण कोपऱ्यावरची दर्शिनी आहे. एक बाय टू माझ्याकडून. उभ्यानेच घ्यावी लागेल. आणि अज्जींच्या त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तेवढं सोबत आणा. पंचवीस वर्षं मी त्यांना देणं लागतो.

आपला,
सतरंजीवरचा एक प्रेक्षक
बसवनगुडी, बंगळुरू