आजोबा पोर्तुगीज, नातू ब्रिटिश, शेत मात्र भारतीय

१९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज गोव्यातून गेले. त्यांना घालवायला भारतीय सैन्याला दीड-दोन दिवस पुरले. त्यांच्या वहीत पुन्हा आपलं नाव चढवायला आम्हा गोंयकारांना मात्र त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि वर एजंटाचं घर भरावं लागतं ते वेगळंच. दरवर्षी १९ डिसेंबरला आम्ही ध्वजवंदन करतो, स्वातंत्र्यसैनिकांना शाल-श्रीफळ देतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांच्या जन्मनोंदीची प्रत काढायला रांगेत उभे राहतो. यात ज्याला विसंगती दिसते त्याला गोवा कळलेला नाही. आजोबा १९६१ च्या आधी जन्मले, ही बऱ्याच घराण्यांची आजवरची सर्वांत मोठी कर्तबगारी आहे.

कायदा थोडक्यात असा. गोवा, दमण किंवा दीवमध्ये पोर्तुगीज अमदानीत जन्मलेला माणूस लिस्बनच्या लेखी पोर्तुगीज. त्याने आपला जन्म तिथल्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात उतरवून घेतला की काम झालं. मग त्याच्या मागोमाग मुलगा, मुलाच्या मागोमाग नातू. गोवा हातचा गेला हे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने मरेपर्यंत कबूल केलं नाही. १९७४ च्या क्रांतीनंतर नव्या राजवटीने ३१ डिसेंबर १९७४ ला करार करून भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. जमीन सोडली, जमिनीवर जन्मलेली माणसं मात्र वहीत ठेवली. इकडे दिल्लीने १९६२ च्या आदेशान्वये त्याच माणसांना एका फटक्यात भारतीय करून टाकलं होतं. म्हणजे माणूस एक, जन्म एक, आणि वह्या दोन. या दोन वह्यांच्या मधे जी फट राहिली, त्या फटीत आमच्याकडचा एक अख्खा धंदा उभा आहे.

या धंद्याला वकिलीची सनद लागत नाही. एक गाळा, एक झेरॉक्स मशीन आणि युरोपच्या बारा ताऱ्यांचा निळा फलक एवढं भांडवल पुरतं. ब्रिटनमध्ये १९९९ च्या कायद्यानुसार पात्रता किंवा नोंदणी नसताना कुणी इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा धंदा केला, तर तो गुन्हा ठरतो. आमचा एजंटबाब असल्या भानगडीत पडत नाही. तो सल्ला फुकट देतो, पैसे घेतो ते फॉर्म भरण्याचे. तुम्ही काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: “कायच प्रॉब्लेम ना, बाब.” आजोबा वारले? कायच प्रॉब्लेम ना. नोंदवहीचं पान वाळवीने खाल्लं? कायच प्रॉब्लेम ना. फी किती? इथे मात्र बाब खुर्ची पुढे ओढतो.

फाईल उघडली की पहिला मुक्काम नावांचा. आजोबांच्या जन्मनोंदीत तपकिरी शाईच्या वळणदार अक्षरात आडनाव लिहिलंय ‘सिनाय कामोतिम’. लग्नाच्या नोंदीत तेच ‘शेणवी कामत’ झालं आणि निवडणूक ओळखपत्रावर नुसतंच ‘कामथ’ उरलं. हे तिघे एकच गृहस्थ आहेत असं प्रतिज्ञापत्र करावं लागतं. ते नोटरीपुढे करायचं, मग त्यावर सरकारी शिक्का, मग वकिलातीचा शिक्का. आजोबा हयात असते तर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःशी ओळख करून घेतली असती.

आजीचा घोळ याहून खोल. हिंदू घरात लग्न झालं की नवरीचं आडनावच काय, पाळण्यातलं नावही बदलतं. पोर्तुगीज दफ्तराला हा प्रकार समजत नाही. तिथे बाई पाळण्यातल्या नावानेच जगते आणि मरते. त्यामुळे माहेरची एक आजी आणि सासरची दुसरी, अशा दोन बायका आजोबांच्या नावावर लागतात. १८८० च्या हिंदू रीतिरिवाजांच्या पोर्तुगीज फर्मानात हिंदू पुरुषाला काही अटींवर दुसरी बायको करण्याची मुभा होती, हे खरं. पण तेवढ्याने फाईल पुढे सरकत असली तरी आजीला हे सांगणार कोण?

आमच्या या दैनिकाच्या आतल्या पानांवर नावबदलाच्या छोट्या जाहिराती येतात. हे सदर वाचणाऱ्यांपेक्षा त्या वाचणारे जास्त असतील, याची मला खात्री आहे. कुणाच्या घरात काय शिजतंय ते तिथे कळतं. जो शेजारी कालपर्यंत कट्टर राष्ट्रवादी म्हणून मिरवत होता, तो आज आपल्या आडनावात एक ‘दा’ घालतो किंवा ‘सिनाय’ परत आणतो, तेव्हा गाव समजून घेतं. अभिनंदन कुणी करत नाही. सगळे फक्त एजंटाचं नाव विचारतात.

एवढ्या खटपटीनंतर लिस्बनहून नोंदीचा क्रमांक येतो आणि घरात पेढे वाटले जातात. विचारलं तर घरचे सांगतात, “छे छे, नागरिकत्व कुठे घेतलं? नुसतं बर्थ रजिस्टर केलंय.” गोव्यात हे वाक्य लाखमोलाचं आहे. लिस्बन म्हणतं, आम्ही याला नागरिकत्व दिलंच नाही, तो जन्मापासून आमचाच होता, आम्ही फक्त नोंद घेतली. दिल्ली म्हणते, नागरिकत्व कायदा १९५५, कलम ९: स्वेच्छेने परक्या देशाचं नागरिकत्व घेतलंस की तू भारतीय राहिला नाहीस. मग नोंद करणं म्हणजे घेणं की नुसतं कळवणं? हा प्रश्न निघाला तर त्याचा निवाडा केंद्र सरकारने करायचा, अशी त्याच कलमाखालच्या नियमांत सोय आहे. सरकारं घाई करत नाहीत. गोंधळ टिकला की निवडणुकीत उपयोगी पडतो. विरोधात असेपर्यंत उमेदवाराचा जन्म लिस्बनमध्ये झालेला असतो. तोच पक्षांतर करून आपल्याकडे आला की पुन्हा मडगावात जन्मतो.

सामान्य माणसाला पक्षांतराची ही सोय नाही. तो नोंद करतो आणि भारतीय पासपोर्ट खिशात तसाच ठेवतो. एजंटबाबने सांगितलेलं असतं, “असूं दी, कामाक पडटलो.” त्यावर तो फिरतो, मतदानही करतो. मग परदेशात जम बसतो, आणि तो प्रामाणिकपणे पासपोर्ट परत करायला जातो. तिथला अधिकारी लिस्बनच्या नोंदीची तारीख बघतो. ती जुनी. म्हणजे इतकी वर्षं माहिती दडवून पासपोर्ट बाळगला! झालं, पासपोर्ट रद्द. परत करायला आणलेली वस्तू जप्त होते, आणि या दोन्हींतला फरक एका कागदाचा असतो. परत केला तर ‘सरेंडर सर्टिफिकेट’ मिळतं, रद्द झाला तर ‘रिव्होकेशन’. पहिला कागद नसेल तर ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड अडायचं, आणि ओसीआय नसेल तर आईच्या आजारपणात घरी यायलाही व्हिसाचा अर्ज. एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभेच्या मतदानाला जेमतेम महिना उरलेला असताना, रद्दीकरणाचा कागदही चालेल असं पत्रक दिल्लीहून निघालं. गोंयकाराबद्दलचा कळवळा नेमका कुठल्या महिन्यात दाटून येतो, हे कळायला पंचांग लागत नाही.

समजा, ओसीआय मिळालं. नावात ‘सिटिझन’ आहे म्हणून हुरळू नका. मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते, एवढंच. आमच्याकडे अजून पोर्तुगीज नागरी संहितेच्या वळणाचा वारसा कायदा चालतो, त्यामुळे आईबापांच्या मागे भावंडांचे हिस्से पडतातच. सासष्टीतल्या एखाद्या भाताच्या शेतात चार भावंडांचे चार हिस्से आहेत, असं धरा. धाकट्याने आपला विकायला काढला, तर शेजारच्या वाड्यावरचा शेतकरी तो घेऊ शकतो. ज्याने लहानपणी त्या बांधावर खेकडे पकडले, जो परदेशातून दर महिन्याला पैसे पाठवतो, ज्याच्या पैशांवर घराची कौलं बदलली, तो थोरला भाऊ मात्र घेऊ शकत नाही. फाईल भरताना हे त्याला कुणी सांगितलं होतं का? एजंटबाबच्या दरपत्रकात ही ओळच नाही. त्याचा धंदा दाबोळीच्या विमानतळावर संपतो. जायचं कसं हे तो शिकवतो. परत यायचं कसं, ही शिकवणी अख्ख्या गोव्यात कुणी घेत नाही.

कायदा सगळ्यांना सारखाच छळतो, असंही नाही. जून २०१७ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी लिस्बनला जाऊन पोर्तुगालचे तेव्हाचे पंतप्रधान आंतोनियो कॉश्ता यांच्या हातात ओसीआय कार्ड ठेवलं. कॉश्तांचं घराणं मडगावचं, त्यांचं घरचं लाडकं नाव ‘बाबुश’. आता ते युरोपीय परिषदेचे अध्यक्ष आहेत. गोंयकार म्हणून आम्हाला अभिमान आहेच. ओसीआयची चौकशी करणाऱ्या तरुणांना मी तेव्हापासून एकच सल्ला देतो: आधी पोर्तुगालचे पंतप्रधान व्हा. कार्ड घरपोच मिळतं.

या सगळ्यात गोंयकार पोर्तुगालला जातो, असा कुणाचा समज असेल तर तो काढून टाका. लिस्बनला जातात ते कागद. माणसं गेली साउथॉलला, हाउन्स्लोला, स्विंडनला, दीव-दमणची लेस्टरला. युरोपीय संघाचा नागरिक ब्रिटनमध्ये मुक्तपणे राहू शकत होता, त्या जोरावर पोर्तुगीजचं एक वाक्य न बोलता पोर्तुगीज झालेली आमची मंडळी स्विंडनच्या गोदामांत खोकी भरू लागली. मग ब्रिटननेच युरोप सोडला. ३१ डिसेंबर २०२० ला मुक्त येण्याजाण्याचा दरवाजा बंद झाला. आधीपासून तिथे राहणाऱ्यांनी ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करायचा होता. पाच वर्षं झालेले ‘सेटल्ड’, न झालेले ‘प्री-सेटल्ड’. दोन वह्यांतून सुटलेला गोंयकार तिसऱ्या वहीत पेन्सिलीने लिहिला गेला. एजंटबाब डगमगला नाही. त्याने फलकावरचं ‘यूके’ पांढऱ्या रंगाने झाकलं आणि वर ‘आयर्लंड, जर्मनी’ लिहिलं. नीट पाहिलं तर खालचं यूके अजून दिसतं.

ज्यांचं तिथे बस्तान बसलं, त्यांना आता ब्रिटिश व्हायचंय. त्यासाठी परीक्षा आहे: ४५ मिनिटं, २४ प्रश्न, १८ बरोबर आले पाहिजेत. त्यामुळे कुंकळ्ळीच्या मुलाला आठव्या हेन्रीच्या सहा बायका क्रमाने पाठ कराव्या लागतात. आजीच्या दोन नावांवरून ज्या घराची फाईल वर्षभर अडली होती, त्या घरात आता या सहा जणींची उजळणी चालते. परक्या मुलखात राज्य करायला जाणाऱ्याला असली परीक्षा कधी नव्हती. १५१० मध्ये आफोन्सु द अल्बुकेर्कने गोवा घेतला आणि आपल्या शिपायांची लग्नं इथल्या बायकांशी लावून त्यांना इथेच वसवलं. पत्नीच्या नात्याने कायम वास्तव्य, तेही जमिनीसकट. त्यांना कुणी आदिलशहाच्या बेगमांची नावं विचारली नाहीत.

या मंडळींना देशद्रोही म्हणणारेही आहेत. त्यांचं एक बरं असतं. पुण्या-मुंबईत मुलाला ग्रीन कार्ड मिळालं की सोसायटीत सत्यनारायण घालतात, आणि मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला की ‘परदेशातला आपला झेंडा’ म्हणून त्याचा सत्कार होतो. तोही भारतीय पासपोर्ट सोडूनच गेलेला असतो. पण डॉलर देशभक्तीत बसतो, आणि स्विंडनच्या गोदामातला पौंड बसत नाही. गोंयकार पोटासाठी आजच बाहेर पडलेला नाही. बोटीवर तो गेला, आफ्रिकेत गेला, मुंबईत धोबीतलावच्या गावकुडांत, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक बिऱ्हाडांत, ट्रंकेवर ट्रंक रचून राहिला. इथे धड पगाराची नोकरी असती तर आजोबांच्या जन्मनोंदीवरची धूळ झटकायला तो गेलाच नसता. हे बोललं की नेते लगेच रोजगार मेळाव्याची घोषणा करतात. मेळाव्याच्या मंडपाबाहेर बसलेला झेरॉक्सवाला त्या दिवशी चांगली कमाई करतो.

तेव्हा जायचं असेल त्याने खुशाल जावं. फक्त फाईल देण्यापूर्वी एजंटबाबला चार प्रश्न विचारावेत, आणि उत्तरं त्याच्या लेटरहेडवर सहीनिशी लिहून घ्यावीत. नोंद झाल्या दिवसापासून माझा भारतीय पासपोर्ट कायदेशीर आहे का? मतदार यादीतलं माझं नाव कुणी आणि केव्हा काढायचं? भावाने शेत विकायला काढलं तर मी ते घेऊ शकेन का? आणि साठाव्या वर्षी मला इथे परत येऊन राहायचं असेल, तर कुठला कागद आजच जपून ठेवू? खरा वकील असेल तर तो तासभर बोलेल, त्यातला अर्धा वेळ तुम्हाला घाबरवेल आणि फी घेईल. ती फी देऊन टाका. “कायच प्रॉब्लेम ना, बाब” असं उत्तर आलं, तर समजा की प्रॉब्लेम आहे, आणि तो त्याचा नाही.